रुग्णालयाला खाटा मंजूर झाल्या म्हणजे नेमकं काय मिळालं? बीड जिल्ह्यातले सरकारी दवाखाने, त्यांचा पैसा आणि त्यांची माणसं

बीड : "३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला मंजुरी", "श्रेणीवर्धन झालं, आता १०० खाटा", "आरोग्यासाठी कोट्यवधींचा निधी" अशा बातम्या आपल्या जिल्ह्यात वरचेवर येतात. चौकात फ्लेक्स लागतात, सोशल मीडियावर अभिनंदनाचा पाऊस पडतो. दोन-चार वर्षांनी त्याच गावातले लोक विचारतात, दवाखाना मंजूर झाला होता ना, मग रात्री बाळंतीण अजून बीडला किंवा अंबाजोगाईलाच का न्यावी लागते?

या प्रश्नाचं उत्तर शासनाच्या कामाच्या पद्धतीत आहे. इमारतीची मंजुरी वेगळी, पदांची मंजुरी वेगळी आणि यंत्रसामग्री व औषधांचा पैसा वेगळा. या तिन्ही गोष्टी एका दिवशी येत नाहीत, बऱ्याचदा एका वर्षातही येत नाहीत. बातमी मात्र पहिल्या कागदावरच होते. त्यामुळं ही सगळी व्यवस्था कशी चालते, कोणता दवाखाना कुणाच्या ताब्यात आहे आणि पैसा कुठून येतो, याची माहिती एका ठिकाणी देत आहोत.

दवाखाना कुणाच्या ताब्यात?

लोकांच्या बोलण्यात सगळाच "सरकारी दवाखाना" असतो. पण बीड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांचे मालक तीन आहेत.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं. त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि बीडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. त्यांचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. तिसरा मालक वैद्यकीय शिक्षण विभाग. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, ज्याला सगळे "स्वाराती" म्हणतात, ते या खात्याचं. तिथं अधिष्ठाता प्रमुख असतो आणि त्याच्यावर जिल्हा शल्यचिकित्सकाचा हुकूम चालत नाही.

हे माहीत नसल्यानं निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही म्हणून लोक सिव्हिलला मोर्चा नेतात, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या तक्रारीसाठी जिल्हा परिषद सदस्याला गाठतात. तो बिचारा हो म्हणतो, पण त्याच्या हातात काही नसतं.

पैशाच्या बाबतीतही याचा फरक पडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. केस पेपरचेसुद्धा पैसे नाहीत. हा निर्णय त्या एका विभागापुरता होता, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो लागू केलेला नव्हता. म्हणून केजच्या रुग्णालयात एक नियम आणि अंबाजोगाईत दुसरा, असा अनुभव आला तर गोंधळून जाऊ नये.

स्वाराती : माळरानावरचं मोठं काम

जिल्ह्यात आरोग्यावर झालेली सगळ्यात मोठी सरकारी गुंतवणूक कोणती, असं विचारलं तर उत्तर आजही पन्नास वर्षांपूर्वीचंच आहे. १९७४ साली अंबाजोगाईत हे महाविद्यालय सुरू झालं. ग्रामीण भागासाठी काढलेलं आशिया खंडातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. मराठवाडा विकास आंदोलनाचं वर्षही तेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव महाविद्यालयाला दिलं. डॉ. व्यंकटराव डावळे यांचं नाव आजही जुनी माणसं या दवाखान्याच्या गोष्टी सांगताना आदरानं घेतात.

मोठ्या शहरात काढण्याऐवजी तालुक्याच्या गावाला महाविद्यालय दिल्याचा फायदा नुसता बीडला झाला नाही. रेणापूर, कळंब, गंगाखेड, सोनपेठ या शेजारच्या जिल्ह्यांतल्या तालुक्यांचे रुग्णही इथंच येतात. पुढं नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये सरकारी महाविद्यालयं झाली, अलीकडं धाराशिव आणि परभणीलाही झाली. तरी अंबाजोगाईची गर्दी हटलेली नाही. पाचशेच्या वर खाटांचं हे रुग्णालय चार जिल्ह्यांच्या सीमेवर बसलंय.

पण नकाशा बघा. अंबाजोगाई जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार पश्चिमेला. आष्टीवरून अंबाजोगाईला जायचं म्हणजे अख्खा जिल्हा आडवा तुडवायचा. म्हणून आष्टीचा रुग्ण नगरला जातो, गेवराईचा संभाजीनगरला, परळी-अंबाजोगाईचा लातूरला. एका जिल्ह्याचे रुग्ण तीन दिशांना पांगतात. वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईत आणि जिल्हा रुग्णालय बीडला, ही आपल्याकडची वेगळी रचना आहे. धाराशिव आणि परभणीत नवीन महाविद्यालय काढताना तिथलं जिल्हा रुग्णालयच त्याला जोडलं. तिथं शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर आले ही चांगली गोष्ट, पण खाटा तेवढ्या प्रमाणात लगेच वाढल्या असं समजू नये. जुन्याच वॉर्डांवर आधी नवी पाटी लागते.

खाटांचा हिशोब

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. क्षेत्रफळ १० हजार ६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्यानं शासनाचे मापदंड आजही याच आकड्यावर लावावे लागतात. माणसं वाढली, पण कागदावर आपण तेवढेच.

केंद्राच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार (२०२२ ची सुधारित आवृत्ती) जिल्ह्यात दर हजार लोकसंख्येमागं किमान एक सरकारी खाट हवी, आणि दोन असल्या तर उत्तम. म्हणजे आपल्याला किमान अडीच हजारांवर खाटा लागतात. सिव्हिलच्या मंजूर खाटा ३२०. त्यात स्वारातीच्या पाचशेच्या वर धरल्या तर सव्वाआठशेच्या आसपास होतात. उरलेल्या साडेसतराशे खाटा नुसत्या ३०-३० च्या ग्रामीण रुग्णालयांनी भरायच्या म्हटलं तर अठ्ठावन्न रुग्णालयं लागतील. परळी, केज, गेवराईची उपजिल्हा रुग्णालयं आणि आष्टी, पाटोदा, धारूर, माजलगाव, रायमोहा, चिंचवण इथली ग्रामीण रुग्णालयं हे अंतर थोडं कमी करतात, भरून काढत नाहीत.

खालच्या पातळीचे मापदंडही माहीत असू द्यावेत, कारण गावची मागणी त्यावरच टिकते किंवा फेटाळली जाते. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय. डोंगरी आणि आदिवासी भागासाठी हेच आकडे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार असे आहेत. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांनी निवेदनात डोंगरी निकषाचा मुद्दा आवर्जून मांडावा. नुसतं "आमचं गाव मोठं आहे" असं लिहून प्रस्ताव हलत नाही.

मंजुरीचे कागद

आता मुख्य गोष्ट. समजा, एका गावाला ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय मिळालं. पहिला शासन निर्णय निघतो तो स्थापनेचा, म्हणजे या गावात असं रुग्णालय असावं याला तत्त्वतः मान्यता. यात एक रुपयाही नसतो. मग जागा लागते. गायरान असलं तर महसूलकडून मागणी, खासगी असलं तर दानपत्र किंवा खरेदी. जागेवरून दोन पुढाऱ्यांत वाद झाला की इथंच दोन वर्षं जातात.

जागा मिळाली की सार्वजनिक बांधकाम विभाग अंदाजपत्रक करतो. प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. बांधकाम सुरू झालं की निधी टप्प्याटप्प्यानं येतो. अर्थसंकल्पात तरतूद कमी पडली तर ठेकेदार काम थांबवतो आणि पावसाळ्यात स्लॅबवर गवत उगवतं. इमारत झाली तरी वीज, पाणी, ऑक्सिजनची लाइन, फायर ऑडिट आणि हस्तांतरण बाकी असतं. फायर ऑडिट हा शब्द कागदी वाटतो, पण ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० बाळं गेली, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत ११ रुग्ण दगावले. नगरचा तो विभाग कोविडमध्ये नव्यानं उभा केलेला होता. घाईघाईत वाढवलेल्या खाटा अशा महागात पडतात.

यानंतरचा कागद पदांचा. हा सगळ्यात अवघड. कोणत्या रुग्णालयात किती पदं, याचा आकृतिबंध ठरलेला असतो, पण नवीन पदं निर्माण करायची तर वित्त विभागाची संमती आणि उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते. इमारत हा एकदाचा खर्च. पद म्हणजे दर महिन्याचा पगार आणि पुढं कित्येक वर्षांची जबाबदारी. म्हणून शासन इमारतीला हात सैल सोडतं आणि पदांना आखडता घेतं. श्रेणीवर्धनातही तेच होतं. ५० च्या १०० खाटा झाल्याची पाटी लागते, पण वाढीव पदं मंजूर होऊन भरेपर्यंत जुनेच डॉक्टर आणि जुन्याच सिस्टर दुप्पट वॉर्ड सांभाळतात.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. विहिरीचं अनुदान आलं, विहीर खांदली, बांधकामही झालं. पण वीजजोडणी नाही आणि मोटार नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, बागायत काही होत नाही.

एक खाट चालवायला किती माणसं?

आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका आठवड्याला साधारण ४८ तास काम करते. म्हणजे एका जागी चोवीस तास एक सिस्टर उभी ठेवायची तर साडेतीन सिस्टर लागतात. त्यात सुट्ट्या, आजारपण, बाळंतपणाची रजा आणि प्रशिक्षण धरलं की चार ते पाच. आता तीन वॉर्ड, एक प्रसूतिगृह आणि एक अपघात कक्ष असा हिशोब करा आणि तुमच्या रुग्णालयात किती सिस्टर आहेत ते मोजून बघा.

तज्ज्ञ डॉक्टरांचा प्रश्न याहून अवघड. सिझर करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळाला बघायला बालरोगतज्ज्ञ हवा आणि रक्ताची सोय हवी. शासनाच्या भाषेत अशा रुग्णालयाला प्रथम संदर्भ सेवा केंद्र म्हणतात, आणि चोवीस तास सिझरची सोय ही त्याची मुख्य अट आहे. चारपैकी एक जरी नसला तरी पुढची चिठ्ठी लिहिली जाते. सहसा नसतो तो भूलतज्ज्ञ. आणि एकच भूलतज्ज्ञ असेल तर तो माणूस आहे, रोज रात्री जागू शकत नाही. म्हणून "आमच्याकडं सिझर होतं" असं कुणी सांगितलं तर "रात्री होतं का, रविवारी होतं का?" हे विचारायचं. रुग्णालयाची खरी क्षमता या एका उत्तरात कळते.

डॉक्टर येत नाहीत हेही खरं. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्र असतं, ते मोडलं तर १० लाख रुपये दंड. बरेच तालुके याच बॉण्डवरच्या पोरांवर चालतात. वर्ष संपलं की ती पुढच्या शिक्षणाला जातात, जागा रिकामी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. राहायला क्वार्टर धड नाही, पाण्याला टँकर, पोरांना शाळा नाही आणि रुग्ण दगावला की नातेवाइकांचा मार, अशा ठिकाणी स्वतःच्या मुलाला आपण तरी पाठवू का? डॉक्टरांची राहती घरं बांधणं हा खर्च फालतू समजला जातो. माझ्या मते नव्या वॉर्डाआधी तो करायला हवा.

लोखंडी सावरगावनं काय दाखवलं

इमारत आणि माणसं यांतला फरक बघायचा तर अंबाजोगाईजवळच्या लोखंडी सावरगावला जावं. तिथं स्त्री रुग्णालय आणि वृद्धत्व व मानसिक आरोग्य केंद्र अशा मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, पण पूर्ण क्षमतेनं वापरात नव्हत्या. २०२० मध्ये कोविड आला आणि ऑगस्टमध्ये याच ठिकाणी एक हजार खाटांचं कोविड रुग्णालय सुरू झालं. वर्षानुवर्षं न हललेली गोष्ट काही आठवड्यांत हलली, कारण कंत्राटी डॉक्टर-सिस्टर घ्यायला परवानगी होती, खरेदीला पैसा होता आणि निर्णय जिल्ह्यातच होत होते.

दुसऱ्या लाटेत मात्र खाटा असूनही बाकीची व्यवस्था किती तोकडी आहे हे सगळ्या देशानं पाहिलं. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत कोविडनं गेलेल्या २२ जणांचे मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानभूमीत न्यावे लागले. रुग्णवाहिका पुरेशा नाहीत, असं कारण तेव्हा देण्यात आलं. खाटांच्या हिशोबात रुग्णवाहिका, शीतगृह, सफाई कामगार कुणी धरत नाही. लाट ओसरली, कंत्राटं संपली, माणसं घरी गेली. यंत्रं मात्र आली ती राहिली. ती चालवणारा तंत्रज्ञ आहे का, हे ज्या त्या रुग्णालयात विचारावं लागतं.

कोयत्याबरोबर जाणाऱ्या बाया

आपल्या जिल्ह्यात सरकारी दवाखाना नीट चालला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात कडू उदाहरण २०१९ मध्ये पुढं आलं. जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४ हजार ६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या काळात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार ३०९ महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

कारणं बरीच आहेत. मुकादमाची उचल, एक दिवस खाडा पडला तरी होणारी कपात, फडात पाणी आणि संडास नसणं, लहान वयात लग्न. पण त्यातलं एक साधं कारण दवाखान्याशी जोडलेलं आहे. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं यासाठी तालुक्यात सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ कायम बसलेला असता, सोनोग्राफी तिथंच झाली असती आणि साध्या गोळ्या-औषधांवर इलाज झाला असता, तर "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" हे ऐकून कर्ज काढायची वेळ किती जणींवर आली असती?

त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी शासकीय परवानगी घेणं बंधनकारक केलं गेलं. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर तपासणीचीही शिफारस झाली. परवानगीमुळं आळा बसतो, इलाज मिळत नाही. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. त्या दोन महिन्यांत ग्रामीण रुग्णालयांत स्त्रीरोगाची ओपीडी रोज चालू ठेवली तर त्याला नवीन इमारत लागत नाही.

पैसा कुठून येतो

राज्याचा अर्थसंकल्प हा मुख्य झरा. पगार, मोठी बांधकामं आणि औषधं त्यातून. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के असा. जिल्हा नियोजन समितीकडून यंत्रं, दुरुस्ती आणि रुग्णवाहिका घेता येतात. हा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते, म्हणून तालुक्याचं वजन इथं दिसतं. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी आरोग्याकरिता देशभरातल्या स्थानिक संस्थांना ७० हजार ५१ कोटी रुपयांची शिफारस केली, त्यातून उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रांची कामं होतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ६४ हजार १८० कोटींचं आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान जाहीर झालं. ५ लाखांवर लोकसंख्येच्या जिल्ह्यांना ५० ते १०० खाटांचा क्रिटिकल केअर विभाग ही त्यातलीच तरतूद. बीड या निकषात आरामात बसतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा, असं म्हटलं होतं. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजना चांगलीच आहे. पण ती ठरलेल्या आजारांना आणि ठरलेल्या रुग्णालयांतच चालते, आणि ती रुग्णालयं बहुतेक शहरात. विंचू-साप चावलेल्याला, तापानं फणफणलेल्या पोराला जवळचा सरकारी दवाखानाच लागतो. योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते.

विचारायचं कुणाला आणि काय

कोणतीही मंजुरी जाहीर झाली की आधी शासन निर्णय शोधा. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार निर्णय असतात. त्यात "तत्त्वतः मान्यता" आहे, "प्रशासकीय मान्यता" आहे की "पदनिर्मिती" आहे, हे शीर्षकातच लिहिलेलं असतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांकडं मंजूर, भरलेली आणि रिक्त पदांचा तक्ता असतो. तो तोंडी मिळाला नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कावर मागता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो योग्य ठिकाणी ५ दिवसांत पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळं तीन मालकांच्या भानगडीला भिऊ नका.

अर्जात चार गोष्टी मागा : मंजूर खाटा आणि प्रत्यक्ष चालू खाटा, पदनिहाय रिक्त जागा, गेल्या वर्षात महिनावार झालेली सिझर, आणि पुढं पाठवलेल्या म्हणजे रेफर केलेल्या रुग्णांची नोंद. रेफरचं रजिस्टर प्रत्येक रुग्णालयात असतं. कोणत्या कारणासाठी, किती वाजता, कुठं पाठवलं हे त्यात लिहिलेलं असतं. रात्री आठनंतर पाठवलेल्या बाळंतिणींचा आकडा वेगळा मागा.